उशीखालची कादंबरी

परीक्षा तोंडावर आली तरी लेडीज होस्टेलमध्ये एक पुस्तक या रूममधून त्या रूममध्ये फिरतच असतं. ते मेकॅनिक्सचं नसतं, मिल्स अँड बूनचं असतं! मुलं हसतात, "काय ती टाईमपास पुस्तकं!" पण टॉपर मुलीसुद्धा ती का वाचतात, याचा विचार कोणी केलाय?

ही प्रकाशन संस्था १९०८ साली लंडनमध्ये निघाली. आधी ती सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची; १९३० च्या दशकात तिने प्रेमकथांवरच भर दिला. फॉर्म्युला ठरलेला: भेट, गैरसमज, दुरावा, मिलन. उत्तर आधीच माहीत असतं, मजा स्टेप्समध्ये! आणि प्रत्येक स्टेपला प्रश्न एकच, तिच्या मनात काय आहे?

खऱ्या आयुष्यात हाच प्रश्न राहून जातो. आमच्या हिंगोलीकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला शिक्षण, उंची, स्वयंपाक सगळं विचारतात. "तुला मुलगा आवडला का?" हे पाहुणे गेल्यावर, तेही आईला आठवलं तर.

मराठीत हे दुखणं १९३३ मध्येच 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने मांडलं. लेखिका विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, कमावत्या मुलींनाही प्रेम हवं असतं, एवढंच त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आणि केवढी खळबळ उडाली! त्यांच्या कथांमध्ये घोड्यावरून येणारा राजकुमार नाही. पण मुलीचं मन आहे. मिल्स अँड बून स्वप्न दाखवतं, विभावरीबाई जागं करतात. भूक मात्र एकच, कुणीतरी आपलं ऐकावं.

म्हणून या पुस्तकांना हसू नका. पण मुलींनो, एक धोकाही आहे. अशा बऱ्याच जुन्या कादंबऱ्यांतला हीरो उद्धट असतो, संशय घेतो, हुकूम सोडतो. शेवटच्या पानापर्यंत तो विरघळतो, कारण लेखिका त्याला विरघळवते. आपल्या गोष्टीला अशी लेखिका नसते. "कुठे होतीस? मोबाईल दाखव" म्हणणारा मुलगा पझेसिव्ह आहे म्हणून गोड वाटत असेल, तर पुस्तक क्षणभर मिटा.

आणि मुलांनो, उशीखालचं ते पुस्तक एकदा मागून वाचाच. मुलीला काय हवंय ते कळेल: आधी विचारा, मग ऐका. सिलॅबसमध्ये नाही, पण आयुष्यात कंपल्सरी आहे!