बंदुकीनंतरचा पहारा

माझे वडील महार रेजिमेंटमध्ये पंधरा वर्षे होते. सैन्यातून सुटून आल्यावर त्यांना काम मिळाले ते एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहण्याचे. बँकेच्या आत काय चालते हे त्यांना कोणी शिकविले नाही; शिकवावे असे कोणाला वाटलेही नाही. म्हणूनच अमेरिकेतील माजी सैनिकांच्या शिक्षणाची हकीकत वाचू लागलो तेव्हा ती मला परकी वाटली नाही.

आज बँकेचा पैसा तिजोरीत कमी आणि संगणकात अधिक असतो. चोरही तेथेच शिरतो. त्याला अडविण्याचे काम म्हणजे सायबर सुरक्षा. संगणकाच्या जाळ्यात कोण शिरले, त्याने काय उघडले, याची नोंद आपोआप होत असते. ती पाळीपाळीने तपासावयाची, संशयास्पद हालचाल हेरावयाची आणि वर कळवावयाचे, हे या क्षेत्रातील पहिल्या पायरीचे काम. रात्रीची गस्त घातलेल्या माणसाला यातली शिस्त नवी नाही. नवी असते ती विद्या.

ही विद्या तेथील कम्युनिटी कॉलेजांत मिळते. ही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची, कमी फीची, घराजवळची महाविद्यालये. प्रवेशाला गुणांची चाळण बहुधा नसते. संध्याकाळचेही वर्ग असतात. लष्करात घेतलेले प्रशिक्षणही काही प्रमाणात जमेस धरले जाते. नेटवर्क, लिनक्स, नोंदींचे वाचन शिकून विद्यार्थी सिक्युरिटी प्लससारखी परीक्षा देतो. २००८ च्या कायद्याप्रमाणे पूर्ण हक्क असलेल्या माजी सैनिकाला ३६ महिन्यांपर्यंत फी, घरभाड्याचा भत्ता आणि पुस्तकांसाठी पैसे मिळतात. मला यात भत्ता महत्त्वाचा वाटतो. घर उपाशी ठेवून कोणी शिकू शकत नाही.

परंतु या व्यवस्थेचा पूर्वेतिहास विसरून चालणार नाही. १९४४ च्या जी. आय. बिलाचा लाभ घेऊन १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिक शिकले. कायद्यात काळा-गोरा असा भेद नव्हता. अंमलबजावणी मात्र स्थानिक गोऱ्यांच्या हाती होती. दक्षिणेतील गोऱ्यांची विद्यापीठे काळ्यांना बंद होती आणि काळ्यांच्या महाविद्यालयांत जागा अपुऱ्या होत्या. त्यातच युद्धकाळात हजारो सैनिकांना निळ्या कागदावर, सन्मानही नाही आणि शिक्षाही नाही अशा रीतीने, सैन्यातून काढण्यात आले. सैन्यात काळे दहांत एकाहून कमी होते, पण असे कागद मिळालेल्यांत ते पाचांत एकाहून अधिक होते. तो कागद पाहून शिक्षणाचा हक्क नाकारला जाई. आपल्या अभिमानाचा निळा रंग तेथे दार बंद करण्याच्या कामी आला. शिक्षणाचा हा लाभ आजही सन्मानाने मुक्त झालेल्यालाच मिळतो.

सैनिकाच्या शिक्षणाचे मोल आपल्याला कोणी सांगावयास नको. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा भाकरीबरोबर अक्षराचीही वाट अडली.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात राहतील, बाकीचे परततील. त्यांत आपल्या वस्त्यांतील मुलेही असतील. त्यांना पुन्हा बँकेच्या दारावरच उभे करावयाचे काय? त्यांना ही विद्या कोण शिकविणार, शिकताना घर कसे चालणार आणि प्रवेशाची यादी कोणाच्या हाती राहणार, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या तालुक्याच्या महाविद्यालयाला आजच विचारले पाहिजेत.