प्रयोगशाळेतील रसायने : नाकावर विसंबू नका

लोहा-कंधार भागातील विज्ञान शाखेची मुले प्रात्यक्षिकासाठी तास-दोन तास प्रयोगशाळेत थांबतात आणि घरी जातात. पण त्याच खोलीत एक माणूस दिवसभर असतो. तो म्हणजे प्रयोगशाळा परिचर. आम्ले पातळ करणे, बाटल्या भरणे, काचसामान धुणे ही त्याची रोजची कामे. पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञाचेही तसेच. रसायनांचा सर्वाधिक त्रास होण्याची शक्यता असते ती याच मंडळींना.

धोका कसा ओळखावा?

प्रथम बाटलीवरची चिठ्ठी वाचावी. लाल कडांच्या चौकटीत ज्योत असेल तर पदार्थ पेट घेणारा, कवटी असेल तर तीव्र विषारी, हातावर थेंब पडताना दाखवला असेल तर कातडी जाळणारा समजावा. माणसाच्या छातीवर चांदणीसारखी खूण असेल तर कर्करोग किंवा श्वसनाचे गंभीर विकार होण्याची शक्यता असते. चिठ्ठी गळून पडलेली बाटली सर्वांत वाईट. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आम्ल भरून ठेवणे तर जीवघेणेच.

'वास आला नाही, म्हणजे काही नाही' ही समजूत खोटी आहे. क्षार ओळखण्याच्या प्रयोगात किपच्या उपकरणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला की काही मिनिटांतच नाक बधिर होते. वास गेला असे वाटते. वायू मात्र तेथेच असतो. फुटलेल्या तापमापीतील पाऱ्याच्या वाफेला तर वासच नसतो.

धोका किती, हे कसे ठरवावे?

चार प्रश्न विचारावेत. पदार्थ कोणता? किती? शरीरात कसा जाईल – श्वासातून, कातडीतून की तोंडातून? आणि किती वेळ, किती दिवस? फॉर्मॅलिनचेच पाहा. नमुने टिकवण्यासाठी ते वापरतात. एखाद्या दिवशी डोळे चुरचुरले तर मोकळ्या हवेत बरे वाटते. पण बंद खोलीत वर्षानुवर्षे तीच वाफ घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यातील फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला.

आपल्या छोट्या प्रयोगशाळेत काय होणार, असे म्हणू नये. मोठ्या ठिकाणीही अपघात टळत नाहीत. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आग लागून दोन तरुण संशोधक दगावले. ती आग अणुभट्टीत नव्हे, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागली होती.

काय करावे?

• खिडक्या उघड्या व पंखा बाहेर हवा फेकणारा असावा. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही.
• आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.
• पिपेट तोंडाने ओढू नये. रबरी फुगा वापरावा.
• प्रयोगशाळेत चहा, डबा, तंबाखू बंद.
• पेट घेणारे द्रव बर्नरपासून दूर ठेवावेत.
• चष्मा व हातमोजे परिचरालाही द्यावेत.

डोळ्यात किंवा अंगावर आम्ल उडाले तर भिजलेले कपडे काढून निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. वर सोडा चोळू नये. आम्ल पोटात गेल्यास उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रसायनाचे नाव डॉक्टरांना सांगावे.

परिचराला वारंवार खोकला, डोकेदुखी, हाताला भेगा असा त्रास होत असेल आणि सुटीच्या दिवसांत तो कमी होत असेल, तर कारण कामाच्या जागेत शोधावे. मुख्याध्यापक व प्राचार्यांनी एक दिवस काढून कपाटातील प्रत्येक बाटली तपासावी. त्या वेळी परिचरालाही सोबत घ्यावे. कोणती बाटली उघडली की ठसका लागतो, हे त्यालाच ठाऊक असते.