नौका जुनी म्हणजे किती जुनी?

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास १८ ऑगस्ट २०२२ रोजी सोळा मीटर लांबीची एक निर्मनुष्य नौका लागली, आणि तिच्यात तीन ए. के. ४७ रायफली सापडल्यामुळे साऱ्या राज्यात खळबळ उडाली. भरडखोलच्या किनाऱ्यावरही त्याच वेळी एक लहान जीवरक्षक होडी आढळली. बोर्ली पंचतनच्या परिसराला या बातमीने विशेष अस्वस्थ करावे हे साहजिकच होते. १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांसाठी आणलेले आरडीएक्स याच टापूत, शेखाडीला, उतरविण्यात आले होते. शासनाने लगेच खुलासा केला. ‘लेडी हान’ नावाची ही यांत्रिक नौका मस्कतहून युरोपकडे जात असता २६ जूनला तिचे इंजिन बिघडले. कोरियाच्या एका युद्धनौकेने खलाशांना सोडविले. खवळलेल्या समुद्रात नौका ओढून नेणे शक्य झाले नाही आणि ती प्रवाहाबरोबर वाहत कोकणास लागली. घातपाताची शंका फिटली आणि चर्चाही थांबली.

तथापि या घटनेची एक बाजू विचारात घेण्यासारखी आहे. ऐन नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत ही नौका सुमारे आठ आठवडे, सुकाणू धरण्यास कोणी नसताना, अरबी समुद्रात तरंगत राहिली. यंत्राने दगा दिला, माणसे गेली. परंतु कवच टिकले. सागरी अपघातांच्या इतिहासात हे मुळीच अपवादात्मक नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात झालेल्या फास्टनेट शर्यतीत ३०३ शिडाच्या नौका निघाल्या होत्या. वादळात पंधरा स्पर्धक मृत्युमुखी पडले. खलाशांनी चोवीस नौका सोडून दिल्या. त्यांपैकी बुडाल्या पाच. एकोणीस नंतर तरंगत्या मिळाल्या. काहींचे प्राण तर नौका सोडून तराफ्यात उतरल्यानंतर गेले.

जुनी फायबरग्लासची शिडाची नौका घेऊन खुल्या समुद्रात जावे की नाही, या प्रश्नाचा विचार येथून सुरू करावयास हवा. सर्वसाधारण माणूस प्रथम वय विचारतो. चाळीस वर्षांची नौका म्हटले की त्याला चाळीस वर्षांची एस.टी. डोळ्यांपुढे दिसते. ही तुलना चुकीची आहे. काचेचे तंतू आणि रेझिन यांच्या थरांनी बनलेले कवच गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि लाकडाचे किडे ते पोखरीत नाहीत. आरंभीच्या बांधणाऱ्यांना या नव्या पदार्थाच्या बळाचा नेमका अंदाज नव्हता, म्हणून त्यांनी थर सढळ हाताने दिले. कालांतराने पाण्याखालच्या भागावर फोड येतात, फोडल्यास आंबूस वासाचा द्रव निघतो, आणि खरेदीदार घाबरतो. बहुतेक वेळा हे दुखणे कातडीचे असते, हाडाचे नसते. खरवडून, नीट वाळवून, इपॉक्सीचे थर दिले की भागते.

भारतीयांच्या पहिल्या जगप्रदक्षिणेचा दाखला या बाबतीत बोलका आहे. भूसेनेच्या अभियंता दलाचे अधिकारी ले. कर्नल के. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १९८५ मध्ये इंग्लंडमधून निघाले आणि जानेवारी १९८७ मध्ये पृथ्वीला वळसा घालून मुंबईस पोहोचले. त्यांची ‘तृष्णा’ ही सदतीस फुटी फायबरग्लासची नौका वापरलेली, दुसऱ्या हाताची होती. नव्या नौकेला पुरेसा पैसा नसणे हे त्यांच्यापुढचे अखेरचे कारण ठरले नाही, हे आपल्याकडील नौकानयनाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

मग धोका कोठे असतो? तो असतो सांध्यांत आणि छिद्रांत. डोलकाठी ज्या तारांनी उभी राहते त्या तारा कवचाला पोलादी पट्ट्यांनी जखडलेल्या असतात. ही पट्टी डेकमधून आत जाते तेथे तिला हवा मिळत नाही, ओल मात्र मिळते, आणि न गंजणारे म्हणून विकलेले पोलाद नेमके तेथेच गुपचूप कुरतडले जाते. वरून ते चकचकीत दिसते. अशी पट्टी काढून पाहिल्यावाचून तिच्याविषयी मत देणारा तपासनीस आपले शुल्क परत करण्यास पात्र आहे. तारांचे तसेच, दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असा संकेत आहे. डेकच्या पोटात अनेकदा बाल्सा लाकडाचा हलका गाभा असतो. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की तो आत कुजतो, वर मात्र सारे पांढरेशुभ्र असते. जाणकार माणूस लाकडी हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तेथे खूण करतो. तळातून पाणी आतबाहेर नेणाऱ्या तोट्या काशाच्या आहेत की साध्या पितळेच्या, हेही पाहावे लागते. पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाते आणि उरलेली तोटी हातात तुटते. सुकाणूचा दांडा, तळाला शिसे वा बीड जखडणारे बोल्ट, ही यादी लांबविता येईल. ही सारी दुरुस्ती हिशेबात धरली तर कित्येकदा ती नौकेच्या किमतीहून अधिक होते, आणि स्वस्त नौका घेणारा फसतो तो येथे.

वय हे पुरेसे माप नाही याची दुःखद साक्ष ‘चीकी राफिकी’ या नौकेने दिली. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये तिचा तळकणा सुटून ती उलटली आणि चार ब्रिटिश खलाशी गेले. नौका अवघी आठ वर्षांची होती. पूर्वी ती तळाला घासली होती, आणि त्या आघातांनी व नंतरच्या दुरुस्त्यांनी सांधा दुबळा झाला असावा, असे चौकशीत आढळले.

जुन्या धाटणीच्या नौकांची कसोटी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत लागते. १९८८ पूर्वीचा आराखडा, बत्तीस ते छत्तीस फूट लांबी, पूर्ण लांबीचा तळकणा आणि त्यालाच जोडलेले सुकाणू, अशा तिच्या अटी आहेत. या स्पर्धेचे मूळ १९६८-६९ च्या शर्यतीत आहे, आणि ती जिंकणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. तिचीच प्रतिकृती म्हणून गोव्यात नव्याने बांधलेली ‘थुरिया’ घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ मध्ये उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीस जबर दुखापत झाली. कवच मात्र तरंगतच राहिले, आणि फ्रेंच जहाज त्यांना सोडवीपर्यंत तेच त्यांचा आसरा होते. २०२२ मध्ये ते पुन्हा निघाले ते वापरलेली रसलर ३६ जातीची फायबरग्लासची नौका घेऊन. वाटेत मोडतोड होत राहिली. नौकेतीलच सामान कापून-जोडून त्यांनी ती भागविली, आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा क्रमांक मिळविला.

याच शर्यतीत फिनलंडच्या टापिओ लेहटिनेन यांची १९६५ सालची ‘आस्टेरिया’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी मागील बाजूने पाणी शिरून काही मिनिटांत बुडाली. मालक निष्काळजी नव्हते. नौकेची डागडुजी त्यांनी कसून केलेली होती. दुसऱ्या दिवशी एका सहस्पर्धक महिलेने त्यांना तराफ्यातून वाचविले. म्हणजे कसून केलेली तपासणीही हमी देत नाही, ती संभव तेवढा कमी करते. तराफा, हाती लागेल असे ठेवलेले संदेशयंत्र आणि त्यांचा सराव, हाही नौकेच्या मूल्यमापनाचाच भाग धरला पाहिजे. विक्रीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

हा प्रश्न हौशी श्रीमंतांचा आहे असे भरडखोल-दिघीकडील वाचकांनी समजू नये. कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबरच्या होड्या आता सर्रास दिसतात. लाकडी होडी जुनी झाली की सुतार फळीवर टोचणी रोवून सांगत असे, किती दिवस चालेल. कुजलेली फळी बदलली जाई, सांध्यांत कापूस ठासला जाई. ही विद्या पिढ्यांची होती. फायबरच्या थरांत पाणी कोठवर गेले, जुना तडा वरवर लिंपला की आतून जोडला, हे ओळखण्याची विद्या तिच्याहून वेगळी आहे, आणि ती बापाकडून मुलाकडे आपोआप येणारी नाही. किनाऱ्यावरील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडारी, वीजतंत्री हे अभ्यासक्रम शिकविले जातात. त्यांच्या जोडीला फायबरच्या होडीची तपासणी व दुरुस्ती हा सहा महिन्यांचा वर्ग चालविण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागणार नाही. एक जुने कवच, काचतंतूंची चादर, रेझिन, आर्द्रता मोजण्याचे एक यंत्र आणि लाकडी हातोडी, एवढ्यावर आरंभ करता येईल.