ओळखीचा माणूस

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आधीच मोबाइलवर फिरत होते. गावाने त्या पाचांना टोळी ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्यांनी कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. २०२४ मध्ये या खटल्यात सात जणांना जन्मठेप झाली.

माणसांच्या विक्रीचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते बरंचसं याच मेसेजमधलं: परका माणूस, काळ्या काचांची गाडी, बेशुद्धीचं औषध. अशी अपहरणं अजिबात होत नाहीत असं नाही. पण या धंद्याचा रोजचा व्यवहार वेगळा आहे. इथे पळवून नेण्यापेक्षा बोलावून नेण्यावर भर असतो आणि बोलावणारा बहुधा ओळखीचा निघतो. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने गोळा केलेल्या प्रकरणांत, ज्यांची विक्री झाली अशा मुलांपैकी ४१ टक्क्यांच्या बाबतीत घरचाच किंवा सांभाळ करणारा माणूस सामील होता.

“तस्करी म्हणजे सीमेपलीकडे नेणं”

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘तस्करी’ म्हटलं की सोनं आठवतं, बंदर आठवतं. पोलिसांत ज्या कक्षाकडे हे काम असतं त्याचं नाव ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’. म्हणजे वाहन हवं, शिवाय अनैतिक काही हवं! राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदासाठी मराठीत वापरला जाणारा ‘अपव्यापार’ हा शब्द बोलायला जड आहे, पण अर्थाला जवळचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००० साली स्वीकारलेला पालेर्मो करार तीन गोष्टी पाहतो. माणसाला कामाला लावणं, नेणं, आणणं किंवा ठेवून घेणं ही पहिली. त्यासाठी धाक, फसवणूक किंवा त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणं ही दुसरी. आणि हेतू शोषणाचा असणं ही तिसरी. मूल असेल तर दुसरी गोष्ट सिद्ध करायची गरज नाही. या व्याख्येत सीमा ओलांडण्याची अट कुठेही नाही. भारताने हा करार २०११ मध्ये मान्य केला.

उलट, पैसे देऊन चोरवाटेने परदेशात शिरणं, ज्याला आता सगळे ‘डंकी’ म्हणतात, तो मुळात त्या देशाच्या सीमेविरुद्धचा गुन्हा. पोचल्यावर दलाल आणि प्रवासी यांचा संबंध संपला, तर तो अपव्यापार ठरत नाही. वाटेत कर्ज वाढवून, कागद काढून घेऊन राबवायला सुरुवात झाली, की ठरतो.

घराजवळचंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली १० वर्षांची एक कातकरी मुलगी दवाखान्यात मरण पावली. चौकशीत कळलं की तिला नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिलेलं होतं. मग अशी आणखी मुलं सापडत गेली. बदल्यात आईबापांना मिळालं होतं ते थोडे पैसे आणि कुणाला एखादी मेंढी. नाशिकहून नगर. एसटीनेही जाता येतं एवढंच अंतर.

“राजीखुशीने गेले, मग तक्रार कसली?”

कायद्याला हा प्रश्न मान्यच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (पूर्वीचं भारतीय दंडविधानाचं ३७०) स्पष्ट म्हणतं की गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. कारण संमती घेतली जाते ती खोट्या चित्रावर, नाहीतर रिकाम्या पोटावर. न्यायमूर्ती भगवतींनी १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, हा मुद्दा पार टोकापर्यंत नेला. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम पत्करावं लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असा त्यांचा निकाल आहे.

हा निकाल घेऊन मराठवाड्याकडे पाहिलं की अवघडल्यासारखं होतं. दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, आणि मग उसाच्या मोळ्यांनी ती फेडायची. आजारपणाने काम बुडालं तर खाडा, म्हणजे दंड, पडतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. मुकादम बहुधा गावातला, नात्यातला, आणि तोही कारखान्याच्या उचलीत अडकलेला. प्रत्येक टोळी वेठबिगार आहे असं मी म्हणणार नाही. हिशेब चोख ठेवणारे मुकादम आहेत, उचल घेऊन दुसरीकडे जाणारे मजूरही आहेत. पण बाकी फिटेपर्यंत मजुराला अडवून ठेवलं, त्याच्या घरच्या माणसाला ओलीस ठेवलं, की १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा लागू होतो. मग ते कर्ज कायद्याने संपलेलं असतं. हे वाक्य किती फडांवर माहीत असेल?

ठाणे, रायगडच्या वीटभट्ट्यांवर आणि शेतांवर अशाच बांधलेल्या आदिवासींना सोडवत विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून काम केलं. इगतपुरीच्या मुलांचं प्रकरणही याच संघटनेने लावून धरलं. यात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मुक्ती प्रमाणपत्र. ते हातात आलं तरच तातडीचे ३० हजार रुपयांपर्यंतचे पैसे आणि पुढे प्रकरणानुसार १ ते ३ लाखांचं पुनर्वसन साहाय्य मागता येतं. म्हणूनच ‘हा साधा मजुरीचा वाद आहे’ असा शेरा मारायची घाई होते.

“हा सगळा वेश्याव्यवसायाचाच प्रश्न”

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती. त्यातली ६३ लाख देहव्यापारात, आणि १ कोटी ७३ लाख शेती, बांधकाम, घरकाम, कारखाने, मासेमारी यांत. उरलेल्यांना राबवणारी सरकारंच होती. (हा आकडा सक्तीच्या मजुरीचा आहे. अपव्यापाराची नेमकी मोजदाद कुणाकडेच नाही.) मग नजर एकाच गल्लीकडे का जाते? पैसा तिथे जास्त आहे, हे एक कारण. खासगी शोषणातून दर वर्षी उपसल्या जाणाऱ्या सुमारे २३६ अब्ज डॉलरपैकी ७३ टक्के लैंगिक शोषणातून येतात. दुसरं कारण आपलं आपल्याला माहीत आहे. धाडीचा फोटो छापला जातो, वीटभट्टीचा छापत नाहीत.

आपल्या कायद्याचीही गंमत पाहा. कलम १४३ मध्ये शोषण म्हणजे काय हे सांगताना गुलामगिरी आहे, अवयव काढणं आहे, नव्या संहितेत भीक मागायला लावणंही आलं. सक्तीची मजुरी मात्र नाव घेऊन आलेली नाही.

आणि धाड म्हणजे सुटका, हेही नेहमी खरं नसतं. अल्पवयीन मुलगी किंवा कोंडून ठेवलेली बाई असेल तर धाड पडलीच पाहिजे. पण सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने धाडीत ‘सोडवलेल्या’ बायकांशी बोलून २०१८ मध्ये जो अहवाल काढला, त्यात बहुसंख्य बायकांनी आपण स्वतःच्या निर्णयाने या कामात आहोत असं सांगितलं. सुटकेनंतर सुधारगृहात डांबलं गेल्याची त्यांची तक्रार होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात बजावलं की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला अटक होता कामा नये, तिचा छळही होता कामा नये.

“शिकलेली माणसं फसत नाहीत”

म्यानमारच्या म्यावड्डीत ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर जे अडकले त्यांना इंग्रजी येत होतं, संगणक येत होता. म्हणून तर त्यांना नेलं. बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी, पगार चांगला, तिकीट कंपनीचं. विमानतळावरून गाडी थेट सीमेवर, मग मोई नदीपलीकडे, उंच भिंतीआड. पासपोर्ट काढून घेतात आणि काम देतात ते खोट्या प्रोफाइलवरून लोकांना प्रेमात किंवा गुंतवणुकीत गुंतवून लुटण्याचं. नकार दिला की मार, विजेचे झटके, नाहीतर दुसऱ्या कंपनीला विक्री. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये असे किमान १ लाख २० हजार लोक म्यानमारमध्ये आणि सुमारे १ लाख कंबोडियात असल्याचा अंदाज दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणलं.

तुम्हाला ‘हाय, ओळखलंत का?’ असा मेसेज धाडणारी मुलगी म्हणजे मार खाऊन बसलेला एखादा पोरगा असू शकतो. त्याला आरोपी धरायचं की पीडित? जबरदस्तीने करायला लावलेल्या गुन्ह्याची शिक्षा पीडिताला होऊ नये, हे तत्त्व जगभर तोंडाने मान्य आहे. विमानतळावर उतरल्यावर काय होतं, ते त्या त्या देशाच्या पोलिसांवर.

भुसावळ, मनमाड

प्रतिबंधाचं बरंच काम रेल्वे फलाटांवर चालतं. रेल्वे सुरक्षा दलाने २०२२ पासून त्यासाठी खास मोहीम चालवली आहे, आणि कारखान्यांकडे निघालेली पोरं त्यात खरोखर सापडतात. पण ३० मे २०२३ ला दाणापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला ५९ मुलं उतरवली गेली. बिहारच्या अररियातून ती मदरशांत शिकायला निघाली होती. त्यांना बारा दिवस बालगृहात ठेवलं, सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा लावला, चार आठवडे तुरुंगात ठेवलं. मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी ‘गैरसमजातून’ असं म्हणत प्रकरण बंद केलं. राईनपाड्याइतकं भयंकर नव्हे, पण संशयाची जात तीच: परकी भाषा, परका वेष.

उलट, म्यावड्डीच्या पोरांनी ज्या एजंटावर विश्वास टाकला, तो अनेकदा मित्राचा मित्र होता. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, आणि तो सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो. पर्यटक व्हिसावर नोकरीला पाठवतो म्हणणारा, लाखांत पैसे मागणारा आणि पावती न देणारा माणूस भावकीतला असला, तरी त्याच्याकडून नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. लहान मुलाबद्दल शंका आली तर १०९८ लावावा, गर्दी गोळा करू नये.