विमानाला फुग्याचा आधार : शंभर वर्षांपूर्वीचा धडा

बंगळुरू येथील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेच्या सौरऊर्जेवर चालणाऱ्या मानवरहित विमानाने फेब्रुवारी 2024 मध्ये कर्नाटकातील चळ्ळकेरे येथे साडेआठ तास उड्डाण केले. मे 2025 मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या हवाई जहाजाने मध्य प्रदेशातील श्योपूर येथून सुमारे 17 किलोमीटर उंची गाठली. दोन्ही प्रकल्पांचे उद्दिष्ट एकच आहे : ढगांच्याही वर दीर्घकाळ राहून टेहळणी करणे. मात्र एकाची मदार पंखांवर आहे, तर दुसऱ्याची हलक्या वायूवर. मग दोहोंचा मेळ का घालू नये? हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे.

दोन तत्त्वे

समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो वजन उचलतो. त्यासाठी इंधन लागत नाही. परंतु एक टन उचलायचे तर हजार घनमीटरचा फुगा हवा. विमानाचा पंख आकाराने लहान असतो, मात्र वेगाशिवाय तो भार पेलत नाही. वेग वाढला की प्रचंड फुग्याला होणारा हवेचा विरोधही झपाट्याने वाढतो. खरी अडचण येथेच आहे.

सांतोस-द्युमाँ यांचा अनुभव

मूळचे ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनी 1906 मध्ये पॅरिस येथे आपले नवे विमान स्वतःच्याच 14 क्रमांकाच्या हवाई जहाजाखाली टांगून पाहिले. फुग्याने भार हलका केला, पण वेगही रोखला. अखेर त्यांनी फुगा काढून टाकला. त्याच वर्षी 23 ऑक्टोबर रोजी हे विमान स्वबळावर सुमारे 60 मीटर उडाले. '14-बिस', म्हणजे 'दुसरे 14', या त्याच्या नावात मात्र फुग्याची आठवण कायम राहिली.

जिवावर बेतलेले प्रयोग

अमेरिकेत जॉन माँटगोमेरी यांनी फुग्याचा वापर केवळ उंची गाठण्यासाठी केला. एप्रिल 1905 मध्ये डॅनियल मलोनी हे फुग्याने उंच नेलेल्या ग्लायडरमधून सुखरूप उतरले. त्याच वर्षी 18 जुलै रोजी फुग्याच्या दोराने ग्लायडरची हानी झाली आणि मलोनी यांचा मृत्यू झाला. पुढे 1986 मध्ये न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे एका हवाई जहाजाला चार हेलिकॉप्टर जोडून बनवलेले यान कोसळले. त्यातही एका वैमानिकाने प्राण गमावले. दोन यंत्रणा जोडताना त्या एकमेकींना मारक ठरणार नाहीत, याची काळजी घेणे किती आवश्यक आहे, हे या दुर्घटनांनी दाखवून दिले.

आजची स्थिती

ही कल्पना अद्याप मागे पडलेली नाही. ब्रिटनमध्ये 2016 साली उडालेल्या 'एअरलँडर 10' या यानाला काही उचल हेलियममुळे, तर काही त्याच्या पंखासारख्या आकारामुळे मिळते. येथे फुगा आणि पंख एकमेकांना जोडलेले नाहीत. फुग्यालाच पंखाचा आकार दिला आहे.

वीस किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीलगतच्या घनतेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतकीच असते. तेथे तेवढेच वजन पेलण्यासाठी फुगा कितीतरी मोठा करावा लागतो, आणि विमानाला लांब पंख व अत्यंत हलकी बांधणी लागते. म्हणूनच भारतात हे दोन्ही मार्ग तूर्त स्वतंत्रपणे चोखाळले जात आहेत.