वेबपेज कोणाचं, डिझायनरचं की डेव्हलपरचं?

बातमीच्या वेबसाइटवर एक पान उघडलं की मथळा, फोटो, तारीख, मजकूर असं सगळं एकत्र दिसतं. पण ते दोन वेगळ्या लोकांच्या हातून आलेलं असतं. रचना, रंग, अक्षरांचा आकार हे डिझायनर ठरवतात. बातमी डेटाबेसमधून आणून जागेवर बसवायचं काम डेव्हलपरचं. दोघांना एकाच फाइलमध्ये हात घालावा लागला की खटके उडतात.

१९९५ मध्ये रासमस लेरडॉर्फ यांनी पीएचपी खुली केली. एचटीएमएलच्या मधोमध प्रोग्राम लिहिता येणं ही तिची मोठी सोय होती, आणि पुढे तीच डोकेदुखी ठरली. मथळ्याचा रंग बदलताना डिझायनरकडून कोडमधला एक अर्धविराम उडाला, तरी अख्खं पान बंद पडू शकतं.

यावर उपाय म्हणजे टेम्प्लेट. दाखल्याचा छापील नमुना आठवा: मजकूर ठरलेला, नाव-गावाच्या जागा रिकाम्या. डिझायनर नमुना तयार करतात आणि 'इथे मथळा येईल' अशी खूण करतात. ती जागा भरते डेव्हलपरच्या कोडमधून.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ज्यावर काम सुरू केलं, ते जँगो याच वळणाचं. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याची टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे. 'ही यादी एकेक करून दाखव', 'हे असेल तरच दाखव', 'तारीख अशी लिही' एवढं जमतं. पूर्ण प्रोग्राम लिहिता येत नाही. सुरुवातीला तर साध्या 'जर'मध्ये दोन आकड्यांची तुलनाही करता येत नव्हती. ती मुभा २०१० मध्ये मिळाली.

मग रेघ नेमकी कुठे मारायची? समजा, वर्गणीदाराला पूर्ण बातमी आणि इतरांना पहिलाच परिच्छेद दाखवायचा आहे. 'वर्गणीदार असेल तर' हे टेम्प्लेटमध्ये चालतं. पण वर्गणीदार कोणाला म्हणायचं, मुदत संपली का, मोफत महिना सुरू आहे का, हा हिशेब डेव्हलपरच्या कोडमध्येच हवा. तो पाच टेम्प्लेटमध्ये लिहिला आणि नियम बदलताना एक राहून गेलं, तर पैसे भरलेल्या वाचकाला कुलूप दिसेल.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर. एखाद्याने प्रतिक्रियेच्या चौकटीत मजकुराऐवजी घातक स्क्रिप्ट पाठवली आणि ती जशीच्या तशी पानावर उतरली, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ती चालू शकते. २००८ च्या १.० आवृत्तीपासून जँगो अशी चिन्हं आपोआप निरुपद्रवी करून छापतं. डिझायनरला ते दरवेळी लक्षात ठेवावं लागत नाही.

२०१३ मध्ये फेसबुकने रिअॅक्ट खुलं केलं आणि वाटणीची पद्धतच बदलली. तिथे बटण किंवा बातमीचा चौकोन हा एक स्वतंत्र तुकडा असतो आणि त्याचं दिसणं-वागणं एकत्र लिहितात. डेव्हलपरना हे सोयीचं आहे, डिझायनरना तेवढं नाही; साधं अंतर बदलायलाही जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये शिरावं लागू शकतं. म्हणून अनेक टीम रंग, अंतरं आणि अक्षरांचे आकार वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवतात. ती फाइल डिझायनरच्या ताब्यात राहते.