यकृत एंझाइम परीक्षा

यकृत एंझाइम परीक्षा : यकृतातील कोशिकांना (पेशींना) इजा झाली आहे काय, हे अजमावण्यासाठी रक्तरसातील विशिष्ट एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रियांना चालना देणाऱ्या प्रथिनांची) सक्रियता मोजण्याची पद्धत. ही एंझाइमे मुख्यत्वे कोशिकांच्या आत कार्य करतात व रक्तात अल्प प्रमाणात आढळतात. कोशिकांना इजा झाली म्हणजे ती रक्तात झिरपतात. यावरून यकृताला होत असलेली इजा कळते, त्याची कार्यक्षमता कळत नाही. ‘यकृत कार्य परीक्षा’ या रूढ नावामुळे हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

प्रमुख एंझाइमे : ॲलॅनीन ॲमिनोट्रान्स्फरेज (एसजीपीटी) हे मुख्यतः यकृतात, तर ॲस्पार्टेट ॲमिनोट्रान्स्फरेज (एसजीओटी) यकृताखेरीज हृदय, कंकाल स्नायू इत्यादींतही असते. लड्यू, व्ह्रूब्लेफ्स्की व कारमेन यांनी १९५४ मध्ये एसजीओटीची वाढ प्रथम हृद्‌रोगाच्या संदर्भातच दाखविली. यकृतविकारांच्या निदानात तिचा उपयोग त्यानंतर लवकरच सुरू झाला. दोन्हींची कमाल प्राकृत मर्यादा सामान्यतः दर लिटरला सु. ४० एकके असते. तथापि ती प्रयोगशाळेनुसार बदलते. अल्कलाइन फॉस्फेटेजाची वाढ पित्तमार्गातील अडथळा सुचविते. परंतु वाढत्या वयाची मुले व गर्भवती स्त्रिया यांत अनुक्रमे हाडे व वार यांमुळे ते स्वाभाविकपणेच अधिक असते. गॅमा-ग्लुटामिल ट्रान्स्फरेजही वाढलेले असल्यास फॉस्फेटेजाचा उगम यकृत-पित्तमार्गात असण्याची शक्यता बळावते.

अर्थनिर्णय : आकडा किती वाढला यापेक्षा कोणती एंझाइमे कोणत्या प्रमाणात वाढली, यास अधिक महत्त्व असते. तीव्र विषाणुजन्य यकृतशोथात (यकृताच्या दाहयुक्त सुजेत) पहिली दोन एंझाइमे हजारावर जातात, तरीही बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मद्यजन्य यकृतशोथात एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक, पण तीनशेच्या आतच असते. उलटपक्षी यकृत सूत्रण रोगात (सिऱ्होसिसमध्ये) कार्यक्षम कोशिकाच थोड्या उरल्याने आकडे प्राकृत असू शकतात. तीव्र विकारात आकडे झपाट्याने उतरत असता काविळ वाढत गेली, तर ते सुधारणेचे नव्हे, कोशिका नष्ट झाल्याचे लक्षण असू शकते. म्हणून बिलिरुबीन, अल्ब्युमीन व रक्तक्लथनास (रक्त साखळण्यास) लागणारा काळ यांवरून कार्यक्षमता स्वतंत्रपणे पहावी लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ : कोल्हापूर शहरात १९८१ मध्ये दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या अभ्यासात ती ‘अ’ वा ‘ब’ विषाणूची नसल्याचे दिसून आले; असा जलजन्य विषाणू पुढे ‘ई’ या नावाने ओळखला गेला. एंझाइमांवरून इजा कळते, तिचे कारण नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. ‘ई’ प्रकार गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत विशेष घातक ठरतो.

ठाण्याजवळील खाडीकाठच्या कोलशेत भागासारख्या औद्योगिक वसाहतींत विसाव्या शतकात रसायने व औषधे यांचे कारखाने उभे राहिले. अशा उद्योगांत कार्बन टेट्राक्लोराइडासारख्या विद्रावकांमुळे (इतर पदार्थ विरघळविणाऱ्या द्रवांमुळे) यकृतास धोका संभवतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत विषारी पदार्थांमुळे होणाऱ्या काविळीची गणना सूचनीय रोगांत करण्यात आली होती. कोलशेतच्या औद्योगिक जमिनींपैकी बऱ्याच भागावर आता निवासी संकुले आहेत. तेथील रहिवाशांच्या, किंबहुना कोणत्याही शहरी नागरिकाच्या, तपासणीत आढळणाऱ्या किंचित वाढीचे एक नेहमीचे कारण म्हणजे स्थूलता व मधुमेह यांच्याशी निगडित मेदयुक्त यकृत होय. आकडा तोच असला, तरी व्यवसाय, मद्यपान, औषधे व आहार यांची माहिती घेतल्याविना त्याचा अर्थ लागत नाही.

दक्षता : आयसोनियाझिड, रिफँपिसीन व पायराझिनामाइड या क्षयरोगावरील औषधांनी यकृतास इजा होऊ शकते. एंझाइमे मर्यादेच्या तिपटीवर गेली व मळमळ, उलट्या वा काविळ यांसारखी लक्षणे असली, किंवा लक्षणांविनाही ती पाचपटीवर गेली, तर वैद्य ही औषधे थांबवितात. रुग्णाने मात्र ती परस्पर बंद करू नयेत. तसे केल्यास क्षयरोग बळावतो. लक्षणे दिसताच वैद्याकडे जावे. लक्षणांविना आढळलेली किंचित वाढ काही आठवड्यांनी पुन्हा तपासून पाहणे इष्ट असते. कारण जोराच्या व्यायामानंतरही एसजीओटी वाढते.